न वाचलेली काचपट्टी : कर्करोगाची पूर्वतपासणी आणि वैद्यकीय हयगयीच्या दाव्यांचा इतिहास

'दुखणे अंगावर काढणे' हा मराठीतील वाक्प्रचार आजाराविषयीच्या एका संपूर्ण सामाजिक धारणेचा संक्षेप मानता येईल. या वाक्यातील कर्ता रुग्ण असतो. बहुतेक वेळा ती स्त्री असते. दुखणे तिला होते, ते सहन करणेही तिच्याच वाट्याला येते आणि पुढे दुखणे बळावले की 'तिने अंगावर काढले' या शब्दांत त्याची जबाबदारीही तिच्याचकडे जाते. कर्करोगाची पूर्वतपासणी वेळेत झाली नाही किंवा झाली ती चुकीची वाचली गेली, म्हणून न्यायालयात मागितलेला दावा या वाक्याचा कर्ता बदलू पाहतो. कोणी पाहायला हवे होते आणि कोणी पाहिले नाही, हा त्याचा प्रश्न असतो. इंग्लंड, आयर्लंड, न्यूझीलंड या देशांत गेल्या चार दशकांत हा कर्ताबदल वेगवेगळ्या वाटांनी घडून आला. मराठी प्रदेशात आणि एकूणच भारतात तो अर्धवट राहिला. तो कोणत्या ठिकाणी अडला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा याचे कारण असे की, हा इतिहास मूलतः संहितांचा इतिहास आहे : कोणती संहिता लिहिली गेली, कोणती जपली गेली, ती वाचण्याचा अधिकार कोणाला मिळाला आणि कोणती कधी लिहिलीच गेली नाही.

प्रथम परिभाषेचा विचार आवश्यक आहे. मराठी पोलीस-दप्तरात आणि कनिष्ठ न्यायालयांत 'हयगयीने', 'अविचाराने', 'बेदरकारपणे' असे शब्द रूढ आहेत. त्यांचा नेहमीचा वावर वाहन-अपघातांच्या फिर्यादींत आढळतो. भारतीय दंड संहितेत १८७० साली समाविष्ट झालेल्या कलम ३०४-अ ची ही भाषा आहे. त्यात गृहीत धरलेले चित्र कृतीचे आहे. कोणीतरी काहीतरी केले आणि त्यातून इजा झाली. अकृतीसुद्धा कृतीत मोडते, असे संहितेच्या कलम ३२ मध्ये नमूद होते, हे खरे. परंतु त्यासाठी ती अकृती बेकायदेशीर असावी लागते, म्हणजे काही करण्याचे कर्तव्य आधी सिद्ध व्हावे लागते. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी वेगळी, तुलनेने सौम्य शिक्षा सांगितली आहे. पण कृतिप्रधान चित्र बदललेले नाही. बोलीतला 'हलगर्जीपणा' हा शब्द या कायदेशीर शब्दांपेक्षा अधिक व्यापक आहे. त्यात विसरणे, टाळणे, चालढकल करणे, 'बघू उद्या' म्हणणे हे सारे येते. न झालेली तपासणी हलगर्जीपणात सहज बसते. हयगयीत ती बसवण्यासाठी खटपट करावी लागते.

मराठी प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्या आरंभीच्या महत्त्वाच्या खटल्यांकडे पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या खटल्याचा निकाल १९६८ चा, घटना मात्र मे १९५३ मधली. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला पुण्यास आणण्यात आले. तेथे भूल न देता बळाचा वापर करून हाड बसवण्यात आले आणि त्या धक्क्याने त्याचा मृत्यू झाला, असा त्याच्या पित्याचा दावा होता. पिता स्वतः दौंडला वैद्यकीय व्यवसाय करीत होते. पुत्राच्या मृत्यूचा अर्थ लावण्याची परिभाषा त्यांच्याकडे होती, ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. वैद्याने रुग्ण स्वीकारला की त्याच्यावर कोणती कर्तव्ये येतात, याची मांडणी न्यायालयाने या निकालात केली आणि पुढील अर्धशतकभर ती उद्धृत होत राहिली. दुसरा खटला औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. तेथील सरकारी रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतर झालेल्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेत स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला व ती दगावली. तेहतीस वर्षांनी, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला जबाबदार धरले. मोडलेले हाड आणि विसरलेला टॉवेल या दोन्ही गोष्टी न्यायालयासमोर दाखवता येतात. त्यांना स्थळ आहे, तारीख आहे, करणाऱ्याचे हात आहेत.

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' हा १३ नोव्हेंबर १९९५ चा निकाल यांमुळे दावा मागण्याची वाट स्वस्त व जवळची झाली. वैद्यकीय सेवा 'सेवा' ठरली. या निर्णयाचे स्वागत आणि त्यावरची वैद्यकीय वर्तुळातील नाराजी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सर्वांना पूर्णपणे मोफत मिळणारी सेवा या कक्षेबाहेर राहिली, ही गोष्ट मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. गरीब स्त्रीची कर्करोग-तपासणी जेथे होण्याचा संभव होता ते ठिकाण म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सरकारी रुग्णालय.

कर्करोग हा शब्द या न्यायालयीन वाङ्मयात कसा येतो, हे पाहणे उद्बोधक आहे. 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' हा ऑगस्ट २००५ चा निकाल डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईला मर्यादा घालणारा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील मूळ प्रसंग लुधियानातल्या रुग्णालयात फेब्रुवारी १९९५ मध्ये घडला. श्वास कोंडलेल्या वृद्ध रुग्णासाठी आणलेला प्राणवायूचा सिलिंडर रिकामा निघाला. तो रुग्ण कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत होता. आजार असा की मरण ठरलेलेच, मग हयगयीने नेमके काय हिरावले, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणाच्या कडेला उभा असतो. सुसान सोंटॅग यांनी 'इलनेस ॲज मेटफर' (१९७८) मध्ये कर्करोगाभोवतीच्या रूपकांची चिकित्सा केली. त्यांनी दाखवलेले दैववादी रूपक न्यायालयात कारणमीमांसेचे रूप धारण करते, असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबईतील 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई' हे प्रकरण या संदर्भात तपशिलाने पाहण्याजोगे आहे. कर्करोगाने ग्रस्त असलेल्या एका स्त्रीवर आता शस्त्रक्रिया करता येणार नाही, केवळ औषधोपचार करावेत, असे मत न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट ग्रीनबर्ग यांनी दिले होते. तक्रारीनुसार, हे मत माहीत असूनही मुंबईत शस्त्रक्रिया सुचवण्यात आली. ती २२ डिसेंबर १९८७ रोजी दुसऱ्या शल्यविशारदाने सुरू केली. पोट उघडल्यावर परिस्थिती हाताबाहेरची दिसली, आणि पोट बंद करण्याचा सल्ला देणारे ज्येष्ठ शल्यविशारद स्वतः शस्त्रक्रियागृहात नव्हते. फेब्रुवारी १९८९ मध्ये रुग्णाचे निधन झाले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने ज्येष्ठ शल्यविशारदांना ताकीद दिली. फौजदारी खटला मात्र एका अनपेक्षित मुद्द्यावर अडला : न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष कशी घ्यायची? ते मुंबईत येण्यास तयार नव्हते. दृक्श्राव्य संपर्काद्वारे साक्ष देण्यास तयार होते. आरोपीच्या 'उपस्थितीत' पुरावा घ्यावा, ही फौजदारी प्रक्रिया संहितेची अट. एप्रिल २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपस्थितीचा अर्थ केवळ शारीरिक उपस्थिती असा नाही, असे ठरवून पडद्यावरील साक्षीला मान्यता दिली. भारतीय पुराव्याच्या कायद्यात हा निकाल आजही मैलाचा दगड मानला जातो आणि वाचला जातो तो प्रामुख्याने तंत्रज्ञानाचा निकाल म्हणून. ज्या खटल्यात डॉक्टर शस्त्रक्रियागृहात उपस्थित होते की नव्हते हाच मूळ आक्षेप होता, त्याच खटल्यात 'उपस्थिती' या शब्दाची व्याप्ती वाढावी, हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराने टाळलाच असता.

२०११ साली मुंबईच्या दंडाधिकाऱ्यांनी डॉ. देसाई यांना दोषी ठरवून न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि ५० हजार रुपयांची भरपाई असा निर्णय दिला. वरच्या न्यायालयांतून प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. या दुसऱ्या निकालात अकृतीचा विचार विस्ताराने आला आहे. शस्त्रक्रियेस हजर न राहणे ही कर्तव्यातील उणीव असू शकते, परंतु त्या उणिवेमुळेच इजा झाली हा दुवा फौजदारी कायद्याला अपेक्षित असलेल्या रीतीने जोडला गेला नाही, असे त्याचे सार आहे. घटनेपासून निकालापर्यंत पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला. तक्रारदार पती भारतीय प्रशासन सेवेत उच्च पदावर राहिलेले होते. दप्तर, नियम आणि पत्रव्यवहार यांचे ज्ञान असलेला माणूसच इतका काळ टिकू शकला असता. पुण्याच्या खटल्यातला पिता वैद्य, मुंबईच्या खटल्यातला पती प्रशासक. दावा मागणाऱ्याला आधी वाचक व्हावे लागते.

येथून पूर्वतपासणीकडे वळता येईल. पूर्वतपासणी म्हणजे कोणतेही लक्षण नसलेल्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या व्यक्तीची तपासणी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तिचे महत्त्व असे की, पेशींतील पूर्वकर्करोगी बदल आणि प्रत्यक्ष कर्करोग यांत बहुधा दहा-पंधरा वर्षांचे अंतर असते. पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या जातात. काचपट्टी ही अक्षरशः वाचण्याची वस्तू आहे. तपासनिसाने ती 'सामान्य' म्हणून वाचली आणि दहा वर्षांनी कर्करोग प्रकटला, तर तीच काचपट्टी पुन्हा वाचता येते.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील एका रुग्णालयाच्या काचपट्ट्यांवरून तीन स्त्रियांनी केलेल्या दाव्यांचा निकाल अपील न्यायालयाने नोव्हेंबर १९९९ मध्ये दिला. तो 'पेनी' खटला म्हणून ओळखला जातो. डॉक्टरच्या कृतीची कसोटी त्याच्या व्यवसायबंधूंचे जबाबदार मत, असे १९५७ च्या 'बोलम' निकालापासून मानले जात होते आणि भारतानेही ती कसोटी स्वीकारली. 'पेनी'त न्यायालयाने आधी एक वेगळा प्रश्न विचारला : काचपट्टीवर प्रत्यक्षात काय होते? तो वस्तुस्थितीचा प्रश्न, तो न्यायाधीशाने ठरवायचा. त्यानंतर, जे होते ते पाहून वाजवी तपासनिसाने पट्टी 'सामान्य' ठरवली असती काय? त्याच्या मनात संपूर्ण खात्री नसेल तर तसे ठरवता येत नाही, असा दंडक त्यातून रूढ झाला. साहित्याच्या अभ्यासकाला ही विभागणी परिचित वाटेल. संहितेत काय आहे आणि तिचे कोणते वाचन क्षम्य आहे, हे अर्थनिर्णयनशास्त्राचेच दोन प्रश्न आहेत. फरक इतकाच की येथे चुकीच्या वाचनाची किंमत वाचकाला मोजावी लागत नाही.

आयर्लंडमध्ये हाच दंडक देशव्यापी वादाचा विषय झाला. विकी फेलन यांची २०११ मधील चाचणी सामान्य म्हणून कळवली गेली. २०१४ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतरच्या फेरपरीक्षणात आधीचे वाचन चुकीचे आढळले, पण ही गोष्ट त्यांना कळली २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये पट्टी वाचणाऱ्या अमेरिकन प्रयोगशाळेशी, जबाबदारी मान्य न करता, पंचवीस लाख युरोंची तडजोड झाली. गुप्ततेची अट फेलन यांनी नाकारली, म्हणून इतरांना आपली कहाणी कळली. अशा २२१ स्त्रिया असल्याचे पुढे उघड झाले. डॉ. गॅब्रिएल स्कॅली यांच्या चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०१८ मध्ये आला, आणि २०२० मध्ये 'मॉरिसी' खटल्यात आयरिश सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण खात्री'चा अर्थ स्पष्ट केला. फेलन यांचे आत्मकथन 'ओव्हरकमिंग' २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. आधी दावा, मग आत्मकथन, असा हा क्रम आहे. ऑड्री लॉर्ड यांच्या 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये आजाराची साक्ष स्वतःच्या शरीराला देऊन सुरू होते. फेलन यांच्या पुस्तकाचा पाया मात्र एका कार्यालयीन फाइलीत आहे.

दावा नेहमी यशस्वी होतो असे नाही. जानेवारी २००५ मधील 'ग्रेग विरुद्ध स्कॉट' या खटल्यात काखेतील गाठ निरुपद्रवी समजून डॉक्टरने रुग्णाला परत पाठवले होते. निदानाला सुमारे नऊ महिने उशीर झाला आणि रोगमुक्तीची शक्यता ४२ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी दावा फेटाळला. मुळातच शक्यता निम्म्याहून कमी होती, तेव्हा हयगयीने 'बरे होणे' हिरावले असे म्हणता येत नाही. आणि नुसती शक्यता ही भरपाईयोग्य वस्तू नव्हे. उशीर या गोष्टीचे कायद्याला किती वावडे आहे, हे या निकालाइतके स्वच्छपणे क्वचितच दिसते.

भारतीय कायद्यात उशिराचा प्रश्न वेगळ्याच दाराने आला, आणि तेथे आरंभी उल्लेखिलेला वाक्प्रचार जवळजवळ शब्दशः भेटतो. 'व्ही. एन. श्रीखंडे विरुद्ध अनिता सेना फर्नांडिस' हा ऑक्टोबर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कर्करोगाचा नाही. गोव्याच्या सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेवर नोव्हेंबर १९९३ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिच्या पोटात दुखत राहिले. २००२ मध्ये मुंबईत दुसरी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आत राहिलेला गॉज निघाला. ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. इजा जेव्हा उघडकीस येते तेव्हापासून मुदत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने तत्त्वतः मान्य केले. पण तक्रारदार स्वतः परिचारिका. नऊ वर्षे दुखत असताना तिने मूळ शल्यविशारदाशी संपर्क साधला नाही. सामान्य शहाणपणाच्या व्यक्तीने तो साधला असता, असे म्हणून दावा मुदतबाह्य ठरवण्यात आला. तिने दुखणे अंगावर काढले, हे निकालाचे मराठी भाषांतर होईल. न्यायालयाच्या तर्काला दोष देता येत नसेलही. परंतु या देशातील नोकरदार, कष्टकरी स्त्री वेदनेशी कोणत्या अटींवर राहते, याचे वाचन त्या तर्कात नाही. ज्या आजारात दहा-पंधरा वर्षे वेदनाच नसते, त्याचे काय, हा प्रश्न तर दूरच.

कागदपत्रांची स्थितीही अशीच. रुग्णाला त्याच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, हे मुंबई उच्च न्यायालयाने 'रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषद' या प्रकरणात स्पष्ट केले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने ७२ तासांत ती देण्याचे आणि आंतररुग्णांचे दप्तर तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले. तीन वर्षे ही मुदत मोडलेल्या हाडासाठी पुरेशी आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बोलू लागतो त्याच्या कितीतरी आधी ते दप्तर रद्दीत गेलेले असते.

परंतु मूळ अडचण याहून आधीची आहे. काचपट्टी चुकीची वाचली गेली, अशी तक्रार करायला ती आधी घेतली जावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण १.९ टक्के आढळले. स्तनाच्या कर्करोगासाठी ते ०.९ टक्के होते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ३० ते ६५ वयोगटासाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची कार्यपद्धती आखून दिली, त्यानंतरची ही आकडेवारी आहे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव स्त्रियांच्या बाबतीत वाचायला संहिताच नाही. मग चुकीचे वाचन कोणाचे?

आणि तरीही, मराठी मुलुखातील एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या न झालेल्या तपासणीची अत्यंत काटेकोर नोंद उपलब्ध आहे. जगात अन्यत्र सहसा न आढळणारी ही गोष्ट आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची विषाणूसाठी चाचणी, दुसऱ्याची पेशीपरीक्षा, तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची कोणतीही तपासणी नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणूचाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या, काहीशा लहान गटात ६४. एकाच चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला बार्शीच्या परिसरातून कळले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारकाच्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी आम्लाची पाहणी केली. तपासलेल्या ७५,३६० स्त्रियांत ६७ मृत्यू, न तपासलेल्या ७६,१७८ स्त्रियांत ९८. मृत्युदरात ३१ टक्क्यांची घट. प्रयोगशाळा नसलेल्या देशालाही पूर्वतपासणी परवडू शकते, हे यातून सिद्ध झाले आणि ते निर्विवादपणे मोठे कार्य आहे.

या दोन अभ्यासांचे आणि तमिळनाडूतील दिंडिगुलच्या अभ्यासाचे तपासणी न झालेले गट एकत्र केले तर संख्या १,३८,६२४ भरते. त्यांत किमान २५४ मृत्यू झाले, असे दाखवून अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी २०१० च्या दशकात गाजलेला आक्षेप घेतला : तपासणीने प्राण वाचतात हे पाश्चात्त्य अनुभवावरून माहीत असताना तपासणीविना गट का ठेवला? संशोधकांचे उत्तर असे की, भारतात कोणत्याच स्त्रीची नियमित तपासणी होत नव्हती. न तपासणे हीच येथील प्रचलित सेवा होती. त्या गटाला कर्करोगाची माहिती व उपचारांची वाट दाखवली होती आणि अभ्यासानंतर तपासणीही देऊ करण्यात आली. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद येथे निकालात काढण्याची गरज नाही. मात्र 'प्रचलित सेवा' या शब्दप्रयोगाकडे भाषिक दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्या गोष्टीचा अभाव आहे तिला 'प्रचलित' हे विशेषण लावले की अभाव हा मापदंड होतो. 'बोलम'च्या कसोटीतही हेच घडते : इतर कोणी करीत नसेल तर न करणे ही हयगय ठरत नाही.

ऑकलंडची तुलना येथे अपरिहार्य आहे. तेथील नॅशनल विमेन्स रुग्णालयात डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी १९६६ पासून पूर्वकर्करोगी बदल आढळलेल्या स्त्रियांना पुरेसे उपचार न देता निरीक्षणाखाली ठेवले. सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आकडे मांडले, तरी फारसे काही हलले नाही. जून १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांचा लेख 'मेट्रो' मासिकात आला आणि वर्षभरात न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराईट यांची चौकशी पूर्ण झाली. न्यूझीलंडमध्ये इजेची भरपाई दोषारोपाविना मिळते, दावे लावता येत नाहीत. म्हणून तेथे या प्रकरणाचा शेवट भरपाईत न होता राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमात आणि १९९६ च्या रुग्णहक्क संहितेत झाला. दिल्लीतही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेने १९७० च्या दशकात असेच निरीक्षण आरंभले होते. ते १९९७ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून वादग्रस्त ठरले. पण त्यावर ना चौकशी आयोग बसला, ना कोणी कोनींसारखे पुस्तक लिहिले. मराठीत वैद्यकीय व्यवसायाची आतून चिकित्सा करणारी परंपरा आहे. डॉ. अरुण लिमये यांचे 'क्लोरोफॉर्म' आणि डॉ. अरुण गद्रे यांचे 'कैफियत' ही तिची ठळक उदाहरणे. परंतु ती डॉक्टरांची साक्ष आहे. धाराशिवच्या चौथ्या गटातील एकाही स्त्रीचे कथन त्या परंपरेत नाही. तिचे अस्तित्व कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभापुरते.

याच अभावाची दुसरी बाजू राजस्थानात दिसते. जयपूरच्या जगतपुऱ्यातील गेटोर-जगतपुरा स्थानकावरून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग दौसामार्गे बांदीकुईला पोहोचतो. त्या बांदीकुईच्या खासगी रुग्णालयांतील २०१० मधील शस्त्रक्रियांची माहिती अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या एका स्थानिक वकील-कार्यकर्त्याने माहिती अधिकाराखाली मागवली, तेव्हा ३८५ स्त्रियांपैकी २२६ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटदुखी, पांढरे जाणे, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांना कर्करोगाची भीती घालण्यात आली, हा आरोप तेथे वारंवार ऐकू आला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींनी 'पिशवी काढल्याचे' सांगितले. 'पिशवी' हा या स्त्रियांचा शब्द. रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू तो सुचवतो. कर्करोगाची शंका असेल तर आधी तपासणी, पेशींचे परीक्षण, आणि काढलेल्या अवयवाची विकृतिशास्त्रीय चाचणी व्हावयास हवी. ती झाली असती तर भीती खरी होती की खोटी हे काचपट्टीवर राहिले असते. धाराशिवच्या चौथ्या गटात तपासणीविना मरण आहे, बीड आणि दौशात तपासणीविना शस्त्रक्रिया. दोन्हीकडे तो मधला कागद गहाळ आहे, आणि दोन्हीकडे दावा नेमका त्याच ठिकाणी अडतो.

या इतिहासात डॉक्टर केवळ आरोपी म्हणून येतात असे समजणे एकांगी ठरेल. त्याच दौसा जिल्ह्यात लालसोट येथे मार्च २०२२ मध्ये, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने रुग्ण दगावल्यावर, डॉक्टर स्त्रीवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला आणि तिने आत्महत्या केली. 'जेकब मॅथ्यू' निकालाने घालून दिलेली पायरी, म्हणजे तज्ज्ञ मत घेतल्याशिवाय कारवाई नको, तेथील ठाण्यात सतरा वर्षांनीही पोहोचलेली नव्हती. ज्या व्यवस्थेत संथ, दीर्घ, कागदावरच्या चुकीला दाद मिळत नाही, तेथे रक्त दिसणाऱ्या प्रसंगावर सारा संताप एकवटतो.

राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिका २०१३ ची आहे. ५ एप्रिल २०२३ रोजी तिचा निकाल लागला. केंद्राने तोवर तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, शस्त्रक्रियांवर जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर देखरेख समित्या असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. बांदीकुईच्या २२६ फाइलींपासून या आदेशापर्यंत बारा वर्षे गेली. आंतररुग्णांचे दप्तर जपण्याची मुदत तोवर चार वेळा उलटून गेली होती.